नाव पडद्यावर नको, क्यू शीटवर माग

काका, मी २५ वर्षांची, बडोद्याचीच. विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्समधून गायनात पदवी घेतली आहे. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते, एरवी शिकवण्या घेते, आणि इथल्या दुकानांच्या काही जिंगल केल्या आहेत. मुंबईतल्या एका संगीतकारांनी माझं काम ऐकून सहायक म्हणून बोलावलं आहे. ते एका वेळी तीन-चार मालिकांचं संगीत करतात. महिना २५,००० रुपये देणार, सुरुवातीला मुंबईत यावं लागेल, पुढे घरून चालेल म्हणतात. पडद्यावर नाव फक्त त्यांचं. सहा पानी करार आला आहे, त्यात मी केलेलं सगळं संगीत ‘कायमचं आणि जगभरासाठी’ त्यांचं होईल असं लिहिलं आहे. बाबा म्हणतात, इथल्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा निघाली आहे ती घे. गुरुजी म्हणाले, ‘मालिकेला संगीत नसतं, आवाज असतो.’ मला पुढे स्वतंत्र संगीतकार व्हायचं आहे. नावच नसेल तर जाऊन काय उपयोग? सही करू का? मला ‘तू’ म्हणा.
— रावपुऱ्यातील वाचक

सही कर, पण या कागदावर नको. आणि पडद्यावरच्या नावाचा हट्ट सोडून दे, म्हणजे ज्या नावासाठी खरंच हट्ट धरायला हवा त्याला जोर येईल.

माझी नोकरीची सगळी वर्षं अंधेरीत मालिकांना बॅकग्राउंड लावण्यात गेली, त्यामुळे हा धंदा मला मागच्या दाराने माहीत आहे. रोजच्या मालिकेत नावं कशी जातात ते तूही बघतेसच. खालच्या पट्टीत अक्षरं पळतात, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाची झलक मोठी आणि नावं कोपऱ्यात आक्रसलेली. ओटीटीवर तर बघणारा बटण दाबून थेट गोष्टीत शिरतो. तुझी आई सोडली तर ते नाव थांबून वाचणारं कोणी नाही. पुढचं काम देणारा निर्मातासुद्धा ते तिथे वाचत नाही. तो ओळखीच्या दिग्दर्शकाला नाहीतर एडिटरला फोन लावतो आणि विचारतो, तुमच्याकडे बॅकग्राउंड कोण करतंय? त्या दोघांच्या फोनमध्ये तुझा नंबर असणं महत्त्वाचं, आणि ते कुठल्याही कराराने अडत नाही.

दुसरं एक नाव असतं, जे प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. ते क्यू शीटवर असतं. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, आणि तू पाठवलेल्या वर्णनावरून त्या सहा पानांतही तो नसावा.

क्यू शीट म्हणजे एका भागात कुठलं संगीत किती सेकंद वाजलं याचा तक्ता. शीर्षकगीत किती, पार्श्वसंगीत किती, दृश्यात कुठे रेडिओवर गाणं लागलं असेल तर ते किती. प्रत्येकासमोर संगीतकार कोण, गीतकार कोण, कोणाचा वाटा किती टक्के, मालकी कोणाची. हा तक्ता निर्मात्याच्या किंवा वाहिनीच्या ऑफिसातून आयपीआरएसकडे जातो. आयपीआरएस ही संगीतकार, गीतकार आणि प्रकाशकांची १९६९ पासूनची संस्था, कायद्याखाली नोंदलेली. वाहिन्या, ओटीटी, हॉटेलं, जाहीर कार्यक्रम, जिथे जिथे संगीत वाजतं तिथून ती परवान्याचे पैसे गोळा करते आणि सभासदांना वाटते. कोणाला किती द्यायचं हे ती मालिका बघून ठरवत नाही, कागद बघून ठरवते. कागदावर तुझं नाव नसेल तर तुझी धून पाचशे भाग वाजली, दुपारी पुन्हा लागली, दुसऱ्या भाषेत डब होऊन गेली, तरी तुझ्या खात्यात काही येणार नाही. नाव असेल तर मालिका बंद पडून सगळे विसरले तरी हिशेब चालू राहतो. आपल्याकडे संगीताचा कॉपीराइट रचनाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालतो. पहिल्या वर्षीची रक्कम बघून तुला बहुधा हसू येईल. वाहिन्याही हे पैसे हसतहसत देतात असं नाही, त्यावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. पण ज्याच्या नावावर शेकडो तुकडे जमतात त्याचं गणित वेगळं असतं. तुझे होऊ घातलेले सर हे जाणतात. म्हणूनच करार सहा पानी आहे.

आता कायदा. कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण तुझ्या कामाची दुरुस्ती २०१२ ची. तोपर्यंत एकदा सही केली की संगीतकार-गीतकाराचा संबंध संपायचा. दुरुस्तीनंतर कलम १८ आणि १९ मध्ये असं आलं की चित्रपटासाठी केलेल्या संगीताची मालकी दुसऱ्याला दिली, तरी सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा रचनाकाराकडेच राहतो. तो कोणाला लिहून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. आणि कायद्याच्या भाषेत चित्रपट म्हणजे फक्त थिएटरातला सिनेमा नव्हे, तुझी मालिकाही त्यात येते. ‘पण तू तर पगारी’ असं ते म्हणतील. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, हे कलम १७ सांगतं खरं. पण त्याच कलमात २०१२ मध्ये भर घातली गेली की चित्रपटात गेलेल्या संगीताच्या बाबतीत त्याने रचनाकाराचे हक्क कमी होत नाहीत. शिवाय कलम ५७ आहे: मालकी विकली तरी ‘ही रचना माझी’ असं म्हणायचा हक्क रचनाकाराचाच.

म्हणजे कायदा तुझ्या बाजूने आहे. पण रचनाकार तूच होतीस, हे कळायला कायद्याला कागद लागतो, आणि तिथेच आपल्याकडच्या सहायकांचं घोडं अडतं. काम रात्री दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेलं, फाइल कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर, आणि तक्त्यावर एकच नाव.

इथे तुझ्याशीही थोडं कडक बोलतो. सहायक जे जे करतो ते सगळं त्याची रचना नसते. सरांनी सासूची थीम गुणगुणून पाठवली आणि तू ती चेलो आणि तानपुऱ्यावर बसवलीस, सुंदर बसवलीस, तरी रचना त्यांची. तुझं ते अरेंजिंग आणि प्रोग्रामिंग. त्याचे पैसे पगारात आले. कायद्यातसुद्धा संगीतकार म्हणजे जो संगीत रचतो तो, मग ते त्याने लिहून काढलेलं असो वा नसो. बसवणाऱ्याचा तिथे उल्लेख नाही. पण त्यांनी ‘गावात दुष्काळ पडलाय, काहीतरी कर’ एवढंच सांगितलं आणि तू कोऱ्या पाटीवर धून केलीस, तर ती तुझी. मधला प्रकार सगळ्यांत जास्त होतो: पहिली ओळ त्यांची, पुढचं सगळं तुझं. तिथे टक्केवारी ठरवायची असते आणि ती काम सुरू होण्याआधी ठरवायची असते, कारण काम झाल्यावर प्रत्येकाला आपलीच ओळ मोठी वाटते.

या तीन ढिगांपैकी कुठल्या ढिगात किती काम पडेल हे समजायला रोजची रीत माहीत हवी. अर्ध्या तासाच्या मालिकेचा एक भाग जाहिराती वजा जाता २२ मिनिटांच्या आसपास भरतो. आठवड्याला सहा भाग, काहींचे सात. शूट आणि प्रक्षेपण यांच्यात कधी कधी दोन दिवसही नसतात. एवढ्या घाईत प्रत्येक दृश्याला नवं संगीत करायला कोणालाच सवड नसते. म्हणून मालिका सुरू होण्याआधी संगीतकार बँक करून देतो. शीर्षकगीत, नायक-नायिकेची थीम, सासूची, वाड्याची, देवघराची, विसरभोळ्या काकांची. मग त्या प्रत्येकीची रूपं: नुसती बासरी, नुसता पियानो, संथ, करुण, तणावाचं, हमिंग, आणि भागाच्या शेवटी चेहरा गोठला की दणकन येणारा स्टिंग. ही बँक माझ्यासारख्या माणसाकडे येते. तो रोज संध्याकाळी एडिट झालेला भाग घेऊन बसतो आणि बँकेतले तुकडे दृश्याखाली लावत जातो. संगीतकार त्या खोलीत बहुतेक वेळा नसतोच. कथेत लग्न आलं, मरण आलं, नवी खलनायिका आली की नवे तुकडे मागवले जातात. हे नवे तुकडेच तुझा खरा ढीग. सरांच्या हातात तीन-चार मालिका आहेत म्हणजे थीम ते करतील आणि पुढची सगळी मागणी तुझ्या दाराशी येईल.

चांगला तुकडा कशाला म्हणतात हे संगीतकारापेक्षा लावणाऱ्याला जास्त कळतं, तेव्हा हे जरा सविस्तर सांगतो. शाळेत कोणी सांगणार नाही. तुकडा मध्येच कापता आला पाहिजे. चार चार आवर्तनांत तो स्वच्छ संपावा, म्हणजे दृश्य नऊ सेकंदांचं निघालं तरी लंगडा वाटत नाही. एका मालिकेचे तुकडे शक्यतो एकाच पट्टीत किंवा सहज जुळणाऱ्या पट्ट्यांत ठेव. करुण तुकड्यातून तणावात जाताना सूर धडपडला तर लावणारा तुझा तुकडा काढून सरळ जुनाच टाकतो. प्रत्येक तुकड्याची बिनचालीची आवृत्ती वेगळी दे, नुसता तळ. का, तर मालिकेत लोक बोलतात, अखंड बोलतात. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कळतात, आणि तिथेच तुझी बासरी मुरक्या घेत असेल तर मिक्सिंग करणारा बासरी एवढी खाली दाबेल की ती नसल्यात जमा. चाल संवादांच्या मधल्या फटीत यावी. ध्वनीचं काम ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाक. नंतर बदलताना सगळं सरकतं. आणि फाइलचं नाव! ‘न्यू_फायनल_३’ असं नाव देणाऱ्याचे उत्तम तुकडे बँकेत पडून राहतात आणि ‘सासू_संशय_काळी२_७०’ असं पात्र, भाव, पट्टी आणि लय सांगणारं नाव देणाऱ्याचे साधे तुकडे रोज वाजतात. रात्री अकराला भाग पाठवायचा असतो, तेव्हा ऐकून बघायला कोणाला वेळ आहे?

गरब्याचा उल्लेख तू अर्ध्या ओळीत उरकलास. सरांना तोच जास्त आवडला असणार. नवरात्रात तास-दीड तास न थांबता वाजवायचं, एका गरब्यातून दुसऱ्यात शिरताना ठेका सुटू द्यायचा नाही, गायकाचा आवाज बसलाय हे ओळखून पट्टी हळूच खाली आणायची, मैदानातली पावलं थकली की हींच, म्हणजे गरब्याचा ठेका, थोडी संथ करून पुन्हा चढवायची. तुकडे जोडण्याचं आणि समोरच्याकडे बघत वाजवण्याचं हे शिक्षण तुला फुकट मिळालंय, उलट त्याचे पैसे मिळालेत. दुकानांच्या जिंगलही कमी लेखू नकोस. अशोक पत्की मराठी घराघरांत मालिकांच्या शीर्षकगीतांमुळे ओळखले गेले, पण त्यांचा हात जिंगलवर बसलेला होता. थोडक्या सेकंदांत मुखडा, नाव आणि शेवट बसवायचा म्हणजे शीर्षकगीताचीच तालीम.

आता कागदावर काय बदलून घ्यायचं ते. सगळा करार उलथवायला जाऊ नकोस. मालकी त्यांची किंवा निर्मात्याची राहू दे. निर्माता वाहिनीला सगळं लिहून देतो, त्यामुळे सरांना तुझ्याकडून लिहून घेणं भागच आहे. तू चार गोष्टी माग. पहिली आणि खरी गोष्ट: ज्या तुकड्याची रचना तुझी, त्याच्या क्यू शीटवर संगीतकार म्हणून तुझं नाव, आणि जिथे दोघांची तिथे ठरलेली टक्केवारी. दुसरी, तू केलेल्या तुकड्यांची यादी दर महिन्याला मेलवर जाईल आणि ते ‘बरोबर’ असं एका ओळीचं उत्तर देतील. ही यादीच उद्या तुझा पुरावा. तिसरी, करार ‘त्यांच्याकडे काम करत असताना त्यांनी सोपवलेल्या मालिकांपुरता’ हवा. ‘तू केलेलं सगळं संगीत’ या शब्दांत तुझ्या जिंगल, तुझ्या बंदिशी आणि रविवारी घरी सुचलेली चालसुद्धा जाते. चौथी, तुझे स्टेम्स, म्हणजे एकेका वाद्याच्या सुट्या फाइली, एआय शिकवायला वापरायचे असतील तर वेगळी परवानगी. तानपुरा आणि करुण स्ट्रिंग्ज यांचं साधं भरताड पुढे यंत्राकडून करून घेतलं जाईल असं मला वाटतं, पण ते तुझ्याच आवाजावर फुकटात का शिकावं?

करारात मुदत आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरतो. तुझ्या कागदात ‘कायमचं आणि जगभर’ मुद्दाम लिहिलंय. त्यावर घासाघीस करण्यात जोर घालवू नकोस, तो जोर पहिल्या गोष्टीसाठी राख. सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखव. घरांच्या दस्तांचं काम करणारे वकीलकाका नकोत, ते पान दोनवरच ‘ठीक आहे’ म्हणतील. आणि पहिली रचना प्रसारित झाली की आयपीआरएसचं सभासदत्व घे. सभासद झालीस की तुला आयपीआय क्रमांक मिळतो. तक्त्यात नावापुढे तो असला की त्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यात तुझे पैसे जात नाहीत. रचनाही स्वतः नोंदवायच्या. तक्ते पुष्कळदा घाईघाईत, अर्धवट भरले जातात, त्यामुळे नुसतं कोणावर विसंबून राहू नकोस.

सरांना फोनवर हे बोलू नकोस, लिहून पाठव. साधं लिही: ‘सर, काम शिकायला मी उत्सुक आहे आणि पडद्यावर नावाची माझी अपेक्षा नाही. तुमच्या थीमवरचं अरेंजिंग हे माझं पगारी काम समजते. मात्र जे तुकडे मी स्वतंत्रपणे रचेन त्यांच्या क्यू शीटवर संगीतकार म्हणून माझं नाव असावं आणि एकत्र केलेल्या तुकड्यांत वाटा आपण आधी ठरवावा, एवढी विनंती आहे. त्याप्रमाणे करारात बदल सुचवून पाठवत आहे.’ याहून एक ओळ जास्त नको. पडद्यावरचं नाव तू आपण होऊन सोडलंस हे त्यांना पहिल्याच वाक्यात दिसू दे. त्यांची अर्धी धास्ती तिथेच असते.

पैशाचं थोडक्यात. २५,००० मधून १० टक्के टीडीएस कापला तर हातात २२,५०० येतील. विवरणपत्र भरलंस की तुझ्या उत्पन्नाला तो परत मिळेल, पण तोवर भाडं भरायचंय. मालिकांचे पैसे निर्मात्याकडून तीन-तीन महिन्यांनी सुटतात. सर म्हणतील, मला मिळाले की देतो. ते मान्य करू नकोस, पगाराची तारीख लिहून घे. रात्री दहानंतर काम चाललं तर घरी सोडायची सोय कोणाची, हेही आधीच विचार. त्यात संकोच कसला!

मुंबई की बडोदं? पहिले सहा महिने मुंबईत राहा, घरून काम करायची सवलत लगेच दिली तरी घेऊ नकोस. घरी बसून तू तुकडे पाठवशील आणि ‘ओके’ असं उत्तर येईल. का ओके आणि का नाही हे कधीच कळणार नाही. दिग्दर्शक म्हणतो, ‘दर्द थोडा कमी करा.’ त्याला दर्द कमी नको असतो, बहुतेक वेळा वाद्यं कमी हवी असतात. एडिटर म्हणतो, ‘मजा येत नाही.’ म्हणजे तुकडा दोन सेकंद उशिरा सुरू होतोय. हे भाषांतर खोलीत बसल्याशिवाय येत नाही. आणि एडिटर-दिग्दर्शकांच्या फोनमध्ये नंबर जायचा तो तिथल्या चहावरच. सहा महिन्यांनी परत ये. रात्रीच्या गाडीत बसलं की पहाटे बोरिवली, तेव्हा महत्त्वाच्या सिटिंगला जाता येईल, आणि इथल्या भाड्यात मुंबईत फक्त पलंग मिळतो. येताना एक जमेची बाजू आहे: गुजराती जाहिराती आणि गुजराती वेब मालिका यांना कामाची माणसं हवीच असतात, आणि गरबा जाणणारी संगीतकार अंधेरीत शोधून सापडत नाही.

गुरुजींबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण ते अर्धे बरोबर आहेत. मालिकेत पुष्कळ नुसता आवाज असतो. मीही तो रतीब घातला आहे. दरवाजा उघडला, दणका. चमचा पडला, तीनदा दणका. पण संगीत पगारावर केलं की बाटतं, असं त्यांचं म्हणणं असेल तर त्यांनी बडोद्यात राहून तसं म्हणू नये. इथल्या दरबाराचं संगीताचं खातंच मुळी ‘कलावंत कारखाना’ या नावाचं होतं. गवई, बीनकार, नर्तकी सगळे संस्थानच्या पगारपत्रकावर. आग्रा घराण्याचे फैयाज खाँसाहेब इथले दरबार गवई होते. तू जिथून पदवी घेतलीस त्या संस्थेचं मूळ म्हणजे इथल्याच दरबारातले गवई मौलाबक्ष यांची १८८६ ची गायनशाळा, आणि मौलाबक्षांनी स्वरलेखन बसवलं ते गाणं चार माणसांच्या घराबाहेर जावं म्हणूनच. छोट्या तुकड्यात राग मरतो असंही नाही. आकाशवाणीची ओळखधून आठव. वॉल्टर काउफमान या प्रागहून आलेल्या संगीतकाराने १९३०च्या दशकात केलेली, शिवरंजनीच्या अंगाची. अर्ध्या मिनिटात सकाळ होते. हे सगळं गुरुजींना ऐकवायला जाऊ नकोस मात्र. त्यांच्याकडे जायचं ते गाण्यासाठी. पहाटेचा रियाज मुंबईतही चालू ठेव. महिन्यातून एकदा येऊन त्यांच्यासमोर बस. आलापाला बसणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं, आणि मालिकांच्या संगीतात तेच दुर्मीळ आहे. कुठल्या दृश्याला संगीत नको हे सांगणारा संगीतकार मला फार क्वचित भेटला.

बाबांशी कलेवर वाद घालू नकोस. त्यांची भीती खरी आहे: गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि चांगली चाललेली वाटणारी मालिका महिन्याभरात गुंडाळली जाते. त्यांना आकडे दाखव. करारात एक महिन्याची सूचना आहे, तीन महिन्यांचं भाडं बाजूला आहे, चार जुन्या विद्यार्थ्यांचे वर्ग ऑनलाइन चालू राहणार आहेत. शाळेची जागा सरकारी, कायम आणि आत्ताच भरायची असेल तर निर्णय अवघड होता. खासगी शाळेत तात्पुरती असेल, आणि पत्राच्या सुरावरून तशीच वाटते, तर तशा जागा पुढेही निघतील.

राहता राहिलं, सर नाही म्हणाले तर. शक्यता आहे. बरेच जण तत्त्वाने नाही म्हणत नाहीत, सवयीने म्हणतात. तेव्हा आठवडाभर थांबून एकदा पुन्हा विचार. तरीही नाहीच म्हणाले तर मी तुला परत फिरायला सांगणार नाही. सहा महिने जा, पण प्रोग्रामर आणि अरेंजर म्हणून जा, आणि करारात तेच दोन शब्द लिहून घे. त्यांच्या थीम बसव, बँक लाव, फाइलींना नावं दे, एडिटरांसोबत चहा पी. स्वतःची एकही चाल त्यांच्या संगणकावर उघडू नकोस. मागणी येईल, नक्की येईल, कारण रात्री नऊला नवी खलनायिका येते आणि सर विमानात असतात. त्या वेळी नकार देऊ नकोस आणि भांडूही नकोस. त्या एका तुकड्यापुरता एका परिच्छेदाचा मेल टाक: रचना माझी, क्यू शीटवर नाव माझं, इतके टक्के, मान्य असल्यास कळवा. ‘मान्य’ असं उत्तर आलं की फाइल पाठव.